वाचू नको, सांग

कादंबरी संपली की तिच्याबद्दल सगळ्यांत आधी कुणाला सांगायचं, हे माझं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. दुर्गच्या पद्मनाभपुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून वरुडच्या काकू राहत. शेवटचं पान उलटलं की मी चपला पायात सरकवून त्यांच्याकडे निघत असे. काकूंना जाऊन आता बराच काळ लोटला. माझं वाचणं मात्र चालू आहे, आणि वाचलेलं सांगण्याची सवयही तशीच आहे. गेल्या काही महिन्यांत काही कादंबऱ्या वाचून झाल्या, काही ऐकून झाल्या. त्यांचा हिशेब काकूंना द्यायचा राहिला, तो इथे देते. त्यांचं माझ्यावर काय ऋण आहे तेही त्यातच येईल, कारण ते पुस्तकांपासून वेगळं काढता येत नाही.

काकूंचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, संत्र्यांचं वरुड. काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते, म्हणून लग्नानंतर त्या इकडे आल्या. सोव्हिएत रशियाशी 1955 साली करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथल्या सेक्टरांमध्ये राहायला आली. आमच्या ब्लॉकमध्ये मल्याळी होते, तेलुगू होते, बंगाली आणि पंजाबी होते. मैदानात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि उंबऱ्याच्या आत ज्याची त्याची भाषा, असा आम्हा मुलांचा रिवाज होता. आमच्या घरची मराठी गोंदियाकडची, 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' अशी. ती बोलण्यापुरती पुरे. मराठी म्हणून घरात वाचायला काय होतं, तर भिंतीवरचं कालनिर्णय.

शाळा हिंदी माध्यमाची होती. देवनागरी येते म्हणजे मराठी वाचता येणारच, असं घरात सगळे धरून चालत. अक्षरं ओळखता येत, पण भाषा तोंडात बसत नसे. मी 'ज्ञानेश्वर'ला 'ग्यानेश्वर' म्हणे, 'ऋण'ला 'रिण' म्हणे, आणि 'ळ'च्या जागी सर्रास 'ल' टाकत असे. त्याहून अवघड होते च, ज आणि झ. 'चार'मधला च वेगळा, 'चाक' आणि 'चूल' यांतला वेगळा. 'जीव'मधला ज वेगळा, 'जाळ'मधला वेगळा. छापील मजकुरात दोन्हींची खूण एकच असते. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही, तो दिवसभर कानावर पडत असतो. आमच्याकडे तो कुणाच्या तरी तोंडून मुद्दाम ऐकावा लागे. मी तो काकूंच्या तोंडून ऐकला. हे त्यांचं पहिलं ऋण.

काका दुसऱ्या पाळीला असले की संध्याकाळी काकू दार लोटून पुस्तक घेऊन बसत. पुस्तकं नागपूरहून यायची. नागपूरहून निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया करत पुढे येते, सालेकसा सोडलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो, आणि डोंगरगड, राजनांदगावनंतर दुर्ग. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला थांबते, तिथून पुढे येत नाही. तिथून पुढे मराठी ज्याची त्याने आणायची. काकू प्रत्येक माहेरपणाहून परतताना ती पिशवीत घालून आणत. पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर शाईने नाव, आणि आत कुणी कधी वाचायला नेलं त्याची नोंद.

त्यांनी मला पहिल्यांदा वाचून दाखवलेली कादंबरी म्हणजे उद्धव शेळके यांची 'धग'. ती 1960 सालची. शिंप्याचं घर, पैसा हातात टिकत नाही, नवरा खचत जातो आणि कौतिक नावाची बाई लेकरांना धरून तो संसार पुढे ओढत राहते. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. काकूंचं वाचन तिथे बघण्यासारखं असे. कौतिक नवऱ्याशी बोलते तेव्हा काकू काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत. ती मुलाशी बोलते तेव्हा माझ्याकडे बघत. शेजारणीशी बोलते तेव्हा दाराकडे. 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' हे त्या सरळ गाळत. कोण कुणाशी बोलतंय ते नजरेवरून कळत असे. निवेदन आलं की आवाज सपाट, वेग जरा जास्त, अंगठ्याचं नख ओळीखालून सरकत राहायचं. पुढचा संवाद आला की नख थांबायचं आणि मान वर व्हायची.

मग पुस्तक माझ्या हातात येई. मी धडा म्हटल्यासारखी वाचायला लागे. काकू हात वर करून थांबवत. "वाचू नको, सांग," म्हणत. एवढंच. कसं सांगायचं हे त्यांनी कधी समजावलं नाही. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तेच वाक्य, आणि कधीतरी ते वाक्य मी बोलते आहे असं त्यांना वाटलं की त्या मान हलवून पुढे जाऊ देत. रडण्याच्या जागी माझा आवाज कापायला लागला तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला: "रडायचं काम आयकणाऱ्याचं हाय, वाचणाऱ्याचं नाही." साहित्याबद्दल मी पुढे कितीतरी वाचलं, पण कादंबरी ओळखायची याहून नेमकी कसोटी मला मिळाली नाही.

दुसरा नियम ऐकणाऱ्यासाठी होता. त्या वाचत असताना मी अधूनमधून 'हुं' म्हणायचं. नाही म्हटलं तर त्या थांबत. "तू हुं म्हन्लं नाही तर मले काय समजते, जागी हायेस का झोपली?" या हुंकाराचा अर्थ मला पंडवानी, म्हणजे छत्तीसगढीत गाऊन सांगितलं जाणारं महाभारत, ऐकल्यावर कळला, आणि तिथेही काकूच मला घेऊन गेल्या. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई तेव्हा आमच्या भागात सगळ्यांना माहीत होत्या. पूर्वी बायका बसून पंडवानी गात. तीजनबाईंनी उभं राहून, पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या कापालिक शैलीत महाभारत सांगायला सुरुवात केली. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचं धनुष्य. शाळेत न गेलेल्या या बाईने आजोबांकडून ऐकून ऐकून महाभारत पाठ केलं, पुढे भिलाईच्याच कारखान्यात नोकरी केली आणि 2019 साली पद्मविभूषण मिळवलं. पंडवानीत सांगणाऱ्याच्या बाजूला रागी बसलेला असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातली शंका बोलून दाखवतो. तो नसेल तर कथा पुढे सरकत नाही. काकूंच्या खोलीत ते काम माझं होतं. ऐकणारा हा कथेचा निम्मा भागीदार असतो, हे मी तिथे शिकले.

आता हिशेबाकडे येते.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मी या वर्षी वाचली. तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. विस्थापित झालेलं गाव, मागे राहिलेली म्हैस, आणि तिला आणायला जुन्या गावाकडे निघालेला देवाप्पा. सुरुवातीला मी अडखळले. कोल्हापूरकडची बोली माझ्या कानाला परकी, आणि डोळ्यांनी वाचताना वाक्यं एकमेकांत अडकत होती. मग काकूंच्या रीतीने दार लोटून मोठ्यानं वाचायला बसले. पुस्तक मोकळं झालं. कुठे दम घ्यायचा, कुठे शब्दावर रेंगाळायचं, ते वाक्यांनीच सांगितलं. माणूस आणि जनावर एकमेकांना ओळखेनासे होतात, हे दुःख इथल्या वाचकाला जवळचं वाटेल. आमचा कारखाना आणि आमचे सेक्टर जिथे उभे आहेत तिथेही आधी शेतं होती, गावं होती, गोठे होते. त्या रोजगारावर आम्ही वाढलो. उठलेल्या त्या गावांकडे बघण्याची नजर मला या पुस्तकाने दिली, आणि ती भिलाईत नव्हे, पन्हाळ्याच्या बाजूला लिहिलेल्या पुस्तकातून मिळाली.

दुसरी कादंबरी हिंदी. विनोदकुमार शुक्ल यांची 'दीवार में एक खिड़की रहती थी'. राजनांदगावला जन्मलेले, रायपूरला राहिलेले शुक्ल हे खरं तर आमचे शेजारी. ही कादंबरी 1997 ची, तिला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे शुक्लांना ज्ञानपीठही जाहीर झालं. रघुवरप्रसाद हा लहान गावातल्या कॉलेजात गणित शिकवणारा तरुण. त्याची बायको सोनसी. एका खोलीचा संसार. त्या खोलीच्या खिडकीतून दोघं बाहेर उतरतात तेव्हा तिथे तळं असतं, झाडं असतात, चहा देणारी म्हातारी असते. रघुवरप्रसाद कॉलेजला हत्तीवरून जातो. हे सगळं लेखक इतक्या सरळ सुरात सांगतो की हत्तीचं नवल वाटत नाही, टेम्पोचं वाटतं. या गद्यात आवाज चढवायला जागाच नाही. काकूंच्या कसोटीला उतरणारं, भाषेनं हिंदी पण सांगण्याने आपलं, असं पुस्तक.

हिंदी पुस्तक मराठी माणसाच्या हिशेबात कसं, असं कुणी विचारील. आमच्याकडे हे जुनं आहे. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात 1958 पासून शिकवणारे गजानन माधव मुक्तिबोध हे घरात मराठी बोलणारे हिंदीचे मोठे कवी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला राहून मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते. एका घराने दोन्ही भाषांना एकेक लेखक दिला. छत्तीसगढातल्या मराठी वाचकाने यातली एक भाषा सोडावी, असं मला कधी वाटलं नाही. काकूंनाही वाटलं नाही.

आता ऐकलेली पुस्तकं. ऑडिओबुक ऐकवणारं स्टोरीटेल 2017 साली भारतात आलं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या भाषांमध्ये मराठी होती. त्यानंतर मोबाइलवर मराठी पुस्तकं ऐकणं हळूहळू नेहमीचं झालं. नागपूरची खेप आता लागत नाही, दुर्गमध्ये बसून हवं ते मिळतं. याचं मोल गोंदियाच्या पलीकडे, महाराष्ट्रात राहणाऱ्यांना कळायचं नाही.

शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' मी पूर्वी दोनदा वाचली होती. 1967 ची ही कादंबरी नऊ भागांत आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने ती सांगतात. म्हणजे ती ऐकण्यासाठीच घडलेली, असं वाटावं. ऐकताना तिचं बळ जाणवतं: लांब वाक्यांची लाट, एकामागून एक येणाऱ्या उपमा, कवचकुंडलांच्या प्रसंगाचा ताण. पण कानाला एक गोष्ट लगेच कळते, जी डोळ्यांनी इतकी वर्षं मला कळली नव्हती. सहाही जणांची भाषा सारखीच भरजरी आहे. कुंती आणि दुर्योधन एकाच ढंगाने बोलतात. काकूंना ही कादंबरी आवडायची, तरी त्यांचं एक म्हणणं होतं: "सारेच कर्णाच्या बाजूनं बोलतात पोरी, मंग त्याच्यावर अन्याय केला कोनं?" तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पूर्ण कादंबरी कानांनी ऐकल्यावर पटलं. तरीही इतकी वर्षं लोकांनी तिच्यावर जीव लावला तो उगीच नाही. हीन ठरवलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलू देणारी ती मराठीतली एक मोठी कादंबरी आहे.

साने गुरुजींची 'श्यामची आई' मी पहिल्यांदाच सलग ऐकली. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेलं हे पुस्तक 1935 साली छापून आलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि मित्र ऐकतात, अशी त्याची बांधणी. म्हणून मी ते एका रात्री एकच, असं ऐकलं. भराभर ऐकलं तर त्याचं पाणी होतं. एकेक रात्र स्वतंत्र घेतली की कळतं, गुरुजींनी ऐकणाऱ्यांनाही पुस्तकात बसायला जागा दिली आहे. मी ऐकलेल्या एका वाचनात आईच्या आजारपणाच्या भागाखाली बासरी वाजत होती आणि वाचणाऱ्याचा गळा भरून आला होता. दुसऱ्या वाचनात संगीत नव्हतं, आवाज शांत होता, शब्द नेमके होते. डोळे भरले ते दुसरं ऐकताना. ऑडिओबुक करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: चांगल्या वाक्याखाली वाद्य वाजवू नका. वाक्याचा स्वतःचा नाद असतो, तो त्यात बुडतो.

काका निवृत्त झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडून दोघं पद्मनाभपुरात आले होते. लग्नानंतर मीही याच वस्तीत आले, आणि पुस्तकांची ये-जा पुन्हा सुरू झाली. पुढे काकूंना काचबिंदू झाला. वर्तमानपत्राचे मथळे दिसत, मग तेही दिसेनात. पुण्याहून आलेल्या मुलाने फोनमध्ये ऑडिओबुक घालून दिली तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी हसल्या. दुपारी, रात्री, झोप उडाली की पहाटे, पुस्तक चालू असे. "हा पोरगा दमत नाही," असं वाचणाऱ्याबद्दल कौतुकाने म्हणत. दृष्टी गेलेल्या वाचकाला पुस्तक परत मिळणं म्हणजे काय, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही.

पण थोड्याच दिवसांत त्या म्हणाल्या, "याले हुं म्हन्लं तरी याले आयकू येत नाही. तू वाचत जा." मग संध्याकाळी मी जाऊ लागले. जागा बदलल्या होत्या, नियम तेच होते. त्या डोळे मिटून बसत आणि अधूनमधून हुंकार देत. हुंकार आला नाही की मी थांबायची. माझा एखादा च चुकला तर या वयातही त्या तो दुरुस्त करून घेत. आमचं शेवटचं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर, कारभारी, तालीम, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारं गाव. मी नेहमीच्या वेगाने वाचत होते. काकूंनी हात वर केला. "या पुस्तकात मानसं कमी बोलतात. पूर्णविरामावर दम खा." त्या सूचनेने सगळं पुस्तक बदललं. माडगूळकरांची छोटी वाक्यं सुटी सुटी उभी राहिली आणि त्यांच्या मधल्या जागेत ती वाडी दिसू लागली. समीक्षेच्या जाड पुस्तकांतून जे हाती लागलं नव्हतं ते एका म्हातारीच्या एका सूचनेतून लागलं.

असं ऋण परत कुणाला करायचं? ज्यांनी दिलं ते घेत नाहीत, त्यांना त्याची गरजही नसते. ते पुढच्याला द्यावं लागतं. माझ्या भाचीची मुलगी बंगळुरूला असते. शाळेत तिला हिंदी आहे, म्हणजे देवनागरी येते, आणि माझ्यासारखीच तीही 'ग्यानेश्वर' म्हणते. आठवड्याला एक प्रकरण मोठ्यानं वाचून, फोनवर ध्वनिमुद्रित करून मी तिला पाठवते. ऐकून झालं की तिने उत्तर पाठवायचं, अशी अट आहे. मग तिने अर्धं पान वाचून मला पाठवायचं. 'चूल'मधला च तिला जमला आहे. 'ळ' अजून मध्येच सुटतो.

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे. दुर्ग असो, इंदूर असो, बडोदा असो की परदेशातलं एखादं गाव, तुमच्या मुलांना पुस्तक विकत घेऊन देणं सोपं आहे, ऑडिओबुक लावून देणं त्याहून सोपं आहे. दोन्ही जरूर करा, चांगल्या वाचकांचे आवाज ऐकवा. पण त्यावर थांबू नका. घरात ज्याच्या तोंडात मराठी अजून शाबूत आहे, आजी, आजोबा, मावशी, कुणीही, त्यांना एक प्रकरण मोठ्यानं वाचायला लावा. त्यांची मराठी वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, अहिराणी असेल, ती तशीच येऊ द्या, सुधारू नका. मुलांना समोर बसवा आणि हुंकार द्यायला लावा. मग पुस्तक मुलांच्या हातात द्या, आणि ती धडा म्हटल्यासारखं वाचायला लागली की हात वर करून एवढंच म्हणा: वाचू नको, सांग.